समोरच्याची नळी

आमच्या शेजारचे गंधेकाका रोज सकाळी दूध आणायला जातात, तेव्हा त्यांच्या अंगावर एक काळी रबरी नळी असते. अंगावर म्हणजे कशी, ते नीट सांगते, कारण नीट नाही सांगितलं तर काका रागावतील. ती उजव्या खांद्यामागून खाली येते, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली असते, तिथून छातीवरून तिरकी डाव्या खांद्याकडे चढते, मानेमागून वळसा घालते आणि उजव्या गालाशी येऊन थांबते. टोकाला मुठीएवढं गोल यंत्र. नळी माझ्यापेक्षा लांब आहे, आणि मी काही बुटकी नाही!

एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कुत्र्यांसाठी काठी. कुत्री काकांना काही करत नाहीत, नळीवर भुंकतात.

दूध केंद्रावर नवीन आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्यांना रांगेतून पुढे घेतलं. "आजोबा, तुम्ही आधी घ्या. त्रास होत असेल."

"मला कसला त्रास? हिला होतोय."

"कुणाला?"

"नळीला. कंपनीतून गुंडाळून आली ना, म्हणून तसलीच गोल बसते. तिला मानेची सवय लागली पाहिजे."

त्या माणसाने गुपचूप दोन पिशव्या दिल्या. काकांनी एकच मागितली होती.

तर ही नळी म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या सामानातली. पाठीवर हवेचं जड नळकांडं असतं, त्याला रबरी नळ्या, आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायचं ते यंत्र. त्याला रेग्युलेटर म्हणतात. गंधेकाकू म्हणतात, "आमच्या घरात तीन रेग्युलेटर. एक गॅसचा, एक पंख्याचा, एक ह्यांचा. पहिले दोन उपयोगाचे."

आता तुम्ही म्हणाल, समुद्रात उडी मारायचं सामान आणि केडगावात? मलाही तेच वाटायचं! आमच्या कॉलनीत नळाला पाणी यायचं असलं की लोक अलार्म लावून उठतात, मोटार चालू करतात, पातेली भरतात, उरलंच तर कुंड्यांना घालतात. त्याच कॉलनीत एक माणूस पाण्याखाली जायची तयारी करत बसलाय. बरं, काका काही नौदलातले वगैरे नव्हेत. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर पाणी बघितलं ते कागदावर. कुठल्या कालव्याला पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, कुणाच्या शेताला पोचलं नाही, कुणाचा अर्ज आला. रिटायर झाल्यावर पुण्याला जाऊन एका पोहण्याच्या तलावात ह्याचा कोर्स केला, पास झाले, सामान घेतलं. हवा भरायची तर नळकांडं पुण्याला न्यावं लागतं. एसटीचा कंडक्टर चढू देत नाही, म्हणून ओळखीच्या टेम्पोतून जातं आणि कांद्याच्या गोण्यांमधून परत येतं.

आणि एवढं सगळं करून काकांचं लक्ष समुद्रात नाही, माशांत नाही, नळकांड्यात पण नाही. फक्त नळीत! ती लांब नळी अंगावर कशी बसवायची, कुठे खोचायची, कशाने अडकवायची, एवढंच.

"सुटसुटीत पाहिजे, सुटलेली नको," हे त्यांचं वाक्य. दिवसातून कितीतरी वेळा. लोंबत राहिली तर कुठेतरी अडकणार. आवळून बांधली तर वेळेवर निघणार नाही. म्हणजे ओढ नाही तोपर्यंत चिकटून बसली पाहिजे आणि ओढली की एका झटक्यात हातात आली पाहिजे. असं काय असतं जगात? काका तेच शोधत होते. माझे केसांचे रबर नेले. शाळेच्या जुन्या दप्तराचं चरचर आवाज करणारं ते वेल्क्रो नेलं. परकराचं इलॅस्टिक, औषधाच्या दुकानातली पट्टी, पतंगाच्या मांज्याची रिकामी फिरकी. एकदा भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, कुकरची रिंग कुठंय?"

पलीकडून रबर ताणल्याचा आवाज.

"अहो, डाळ टाकलीय मी!"

"पाचच मिनिटं," काका म्हणाले. "बसतीय का बघतो."

"तुमची नळी बसेल, पण डाळ शिजायची नाही!"

त्या दिवशी त्यांच्याकडे आमटी आमच्याकडून गेली. शेवटी जिंकला सायकलच्या ट्यूबचा काप. पट्ट्याला तो काप लावायचा, त्यात नळीचा ढिला भाग खोचायचा. ओढली की सुटते. काका इतके खूश झाले की कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन ओढून दाखवली.

ह्या नळीमुळे काकांची नजरच तशी झालीय. लोंबणारं काही दिसलं की हात शिवशिवतात. माझ्या लॅपटॉपची वायर त्यांनी टेबलाच्या पायाला अशी वळवून दिलीय की आता मी पाय आपटला तरी निघत नाही. स्कूटरवरच्या बायकांना सिग्नलला थांबवून "ओढणी चाकात जाईल" म्हणून सांगतात, एकदा तर एका बाईच्या मागे पुणे रोडने उड्डाणपुलापर्यंत गेले होते. आमच्या समोरचे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा काका भेटायला गेले, फळं ठेवली, तब्येत विचारली आणि बोलता बोलता त्यांच्या सलाईनची नळी पलंगाच्या दांडीमागून नव्याने फिरवायला लागले. सिस्टर धावत आली.

"अहो काका, काय करताय?"

"पेशंट कुशीवर वळला की ओढ बसेल हिला. समोरच्याचा विचार नको का करायला?"

सिस्टरने त्यांना बाहेर काढलं. पण नळी काकांनी फिरवली होती तशीच राहू दिली. आजोबांनीच नंतर सांगितलं.

हा "समोरचा" म्हणजे कोण, ते मला काकांच्या सरावात, म्हणजे ड्रिलमध्ये कळलं. मी पुण्याची नोकरी घरी बसून करते, त्यामुळे दुपारी कॉलनीत हाताशी सापडणारं माणूस मीच. काकांनी मला त्यांच्या गच्चीवर बोलावलं, गुडघ्यावर बसवलं, स्वतः समोर गुडघ्यावर बसले. पाठीवर नळकांडं, तोंडात यंत्र. ते काढून म्हणाले, "तेजू, आपण पाण्याखाली आहोत."

"बरं."

"तुझी हवा संपलीय."

"अरे बापरे!"

"बोलू नकोस, पाण्यात बोलता येत नाही. आडवा हात गळ्यावरून फिरव. म्हणजे हवा संपली."

मी गळ्यावरून हात फिरवला. काकांनी तोंडातलं यंत्र काढून माझ्या तोंडासमोर धरलं, मान थोडी झुकवली, कमरेची नळी झटक्यात सुटली, मानेमागून सरकली आणि बघता बघता आख्खी लांब नळी आमच्या दोघांच्या मध्ये आली. त्यांच्या गळ्यात इलॅस्टिकने एक दुसरं आखूड नळीचं यंत्र असतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं. सगळं दोन सेकंदांत. मी तर बघतच राहिले.

"तोंडातलंच का दिलंत? ते गळ्यातलं द्यायचं की."

"हवा संपलेला माणूस घाबरलेला असतो गं. तो शोधत बसत नाही. समोरच्याच्या तोंडात जे चालतंय तेच ओढतो. मग तेच द्यायचं. आणि त्याचीच नळी लांब ठेवायची, म्हणजे त्याला लांबून, मोकळं पोहता येतं. ओढ बसत नाही."

मी आईला हे सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे तोंडातला घास काढून देण्यासारखंच की." हे काकांना कळवल्यावर ते आठवडाभर आईशी फार आदराने वागत होते.

ड्रिल मग सगळ्यांवर झालं. कुरियरवाल्यावर, गॅस सिलेंडरवाल्यावर (त्याने काकांचं नळकांडं हलवून "हे कुठल्या कंपनीचं?" विचारलं), इस्त्रीवाल्यावर, आणि बाबांवर तर इतक्या वेळा की दोघं आपापल्या गच्चीवरूनच सराव करायला लागले. इकडून बाबा गळ्यावरून आडवा हात फिरवणार, तिकडून काका मान डोलावणार. समोर नवीन राहायला आलेल्या बाईंनी आईला हळूच विचारलं, "तुमच्या ह्यांचं आणि गंध्यांचं जागेवरून काही वाकडं आहे का हो?"

पण एवढं होऊनही त्या नळीने पाण्याखाली एकाही समोरच्याला श्वास दिला नव्हता. म्हणजे पुण्याच्या कोर्समध्ये आखूड नळ्याच होत्या, ही लांब त्यांनी नंतर घेतली. काकांना एवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी पाण्याखाली ती नळी तोंडात धरावी आणि तिला जराही ओढ बसू नये. त्यासाठी त्यांनी शहरातल्या पोहण्याच्या तलावावर विचारलं, तर सिलेंडर आत नेता येणार नाही म्हणाले. ऑफिसातल्या जुन्या मित्रांना विचारलं, त्यांनी गुडघे दाखवले. जावयाला विचारलं, तो तेव्हापासून आला की लगेच निघतो.

"मग समुद्रावरच जा ना काका," मी म्हटलं. "तिथे माणसं असतात ना, घेऊन जाणारी."

"एकट्याने जायचं तर एवढी लांब नळी कशाला लागेल?"

आणि मला सगळ्यात भारी कोडं वाटायचं ते वेगळंच होतं. काका एकदा समुद्राखाली गेले होते! कोर्सच्याही आधी. कॉलनीची मालवणला ट्रिप गेली होती तेव्हा. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. मी कितीदा विचारलं, काका, कसं होतं, काय दिसलं, मासे होते का, रंग होते का? मी असते तर वर्षभर तेच बोलले असते. काका म्हणायचे, "पाणी होतं." बस. नळीबद्दल तासभर बोलणारा माणूस समुद्राबद्दल दोन शब्द बोलणार!

शेवटी मीच म्हटलं, मी येते. मला पोहता येतं, आणि संगमनेरजवळ माझ्या मामाचं शेततळं आहे. डाळिंबासाठी केलेलं, त्यात मामाने हौसेने मासे पण सोडलेत. उन्हाळ्यात पाणी निम्मं उतरतं, तळाशी उभं राहिलं तर माझ्या छातीपर्यंत येतं. काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे रडतात की काय. रडले नाहीत. म्हणाले, "तुझी मान मोजून घेऊ."

मामा मात्र फोनवर आढेवेढे घ्यायला लागला. "आगं पानी घ्या किती बी, पन कागदाला भोक नाय पडलं पायजे. लई म्हाग कागद हाय त्यो." शेततळ्याला खाली जो प्लास्टिकचा जाड थर अंथरतात ना, त्याला आमच्याकडे कागदच म्हणतात. त्याला चीर पडली की पाणी जमिनीत. मामाचा जीव त्या कागदात.

रविवारी सकाळी आम्ही काकांच्या जुन्या गाडीतून निघालो. पुढे काका, मागे मी आणि मांडीवर नळी, कारण डिकीत टाकलं तर तिला घडी पडते. काकू पण आल्या. म्हणाल्या, "दोघांपैकी एकाला तरी घरी परत आणायला माणूस नको का?" भाकरी, पिठलं, ठेचा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कांदा.

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच की! काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या, पाथर्डी तालुक्यात, भूगोल शिकवायच्या. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांमुळे वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, उरलेल्यांना काकू महासागर शिकवायच्या. तिथे मुलांनी समुद्र तर सोडाच, भरलेली नदी पण क्वचितच बघितलेली. काकू फळ्यावर रंगीत खडूंनी प्रवाळ काढायच्या. गाडीत हे सांगताना त्यांनी बोटांनी हवेत काढून दाखवलं, हरणाच्या शिंगांसारखं काहीतरी. काका गाडी चालवत होते. आरशातून बघत होते.

शेततळ्यावर मामा तयारच होता. बांधावर चपला काढायला लावल्या, जणू देवळात आलोय. काकांच्या नळकांड्याकडे त्याने अशा नजरेने पाहिलं की ते पाहुणे म्हणून आलेलं नाहीच. "साहेब, ह्याला बूड लोखंडी हाय का?"

"रबराचं बूट घातलंय त्याला. काळजी करू नका."

"आनि ही नळी? हिचं त्ये टोक लोंबतंय."

"लोंबत नाही ती. खोचलीय." आणि काकांनी त्याला ओढून दाखवली, परत खोचली, परत ओढली. मामा मान हलवत राहिला, पण नजर कागदावर.

उतरायला दोराला बांधलेले टायर होते, ते धरून आम्ही उतरलो. कागद शेवाळाने हा असा गुळगुळीत! मी चष्म्यासारखा तो मास्क लावला, कमरेला शिशाचा पट्टा बांधला, म्हणजे वर तरंगायला नको. माझ्यासाठी वेगळं नळकांडं नव्हतंच. मी नुसता श्वास रोखून खाली बसायचं, गळ्यावरून हात फिरवायचा आणि नळी घ्यायची, एवढाच कार्यक्रम. काका पाणी गुडघ्यापर्यंत असताना थांबले, मास्कला थुंकी लावून धुवायला लागले (काच धुरकट होत नाही म्हणे). मामा त्यांना आधार द्यायला मागच्या टायरवर उभा होता. तिकडे काकू बांधावर लिंबाच्या सावलीला बसून कांदे सोलत होत्या.

मग आम्ही खाली गेलो. आवाज सगळे बंद! नुसता काकांच्या बुडबुड्यांचा. हिरवट पाणी, समोर काकांचे मोठे मोठे झालेले डोळे. एक मासा माझ्या कोपराजवळून गेला. मी भारावून क्षणभर कार्यक्रमच विसरले, मग आठवलं, गळ्यावरून हात फिरवला.

काकांनी तोंडातलं यंत्र काढून माझ्याकडे केलं. मी ते तोंडात धरलं, श्वास घेतला. आला की हो श्वास! मी खुशीत मागे सरकले आणि नळी संपली. म्हणजे वीतभर सरकले असेन नसेन, आणि खाडकन ओढ बसली. यंत्र दातांतून निसटलं, तोंडात पाणी, नाकात पाणी. मी सरळ उभी राहिले. छातीइतकंच तर पाणी होतं. खोकले, थुंकले, आणि मला हसूच फुटलं.

काका वर आले. ते हसत नव्हते.

त्यांनी हात मागे नेऊन कमर चाचपली. नळी पट्ट्याला सुतळीने बांधलेली होती. तीन पदरी, वर गाठ.

"म्या बांधली," मामा काठावरून म्हणाला, अगदी समाधानाने. "तुमी थुकत हुता ना, तवा. लोंबत हुती, कागदात आडकली आसती. पक्की आवळलीय, बगा, हालनार न्हाई."

मामाचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. त्याने त्याच्या जिवाचं जपलं. पण काकांनी पाण्याकडे पाठ केली. दोराला धरून वर आले, बांधावर बसले, सुतळीची गाठ सोडवत राहिले. ओली सुतळी सुटेना. पाठीवरचं नळकांडं पण उतरवलं नाही.

"काका, परत जाऊ की! गाठ काढा, लगेच जाऊ. मला काही झालं नाही."

"नको. बघितलं ना. परत तेच झालं." मग म्हणाले, "देऊन टाकतो हे सगळं. पुण्याच्या कोर्सच्या सरांना. त्यांना तरी उपयोग होईल."

मी काकांना ओळखते तेव्हापासून हे पहिलं वाक्य, ज्यात नळी कुणाला तरी देऊन टाकायची होती.

काकूंनी कांदा खाली ठेवला. "परत म्हणजे?"

काका नखाने गाठ उकरत राहिले.

"अहो, मी विचारतेय. परत म्हणजे कधीसारखं?"

मग मला जे कळलं ते दोघांच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्याने कळलं, मी इथे सलग सांगते. मालवणला समुद्राखाली जायची हौस काकांची नव्हतीच. काकूंची होती. आयुष्यभर खडूने काढलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. काका आपले सोबतीला. बोटीवर कॉलनीतले हे दोघंच. काका आधी उतरले, त्यांच्यामागे दुसऱ्या माणसाबरोबर काकू. काकूंची नळी लोंबत होती. ती बोटीच्या शिडीला अडकली आणि पाण्यात शिरता शिरता यंत्र त्यांच्या तोंडातून खेचलं गेलं. नाकातोंडात खारं पाणी. लोकांनी वर ओढलं. काका खाली होते, त्यांना काही माहीत नाही. ते मजेत मासे बघत होते, आता ही येईल म्हणून वाट बघत होते. वर आले तर काकू टॉवेल गुंडाळून बोटीच्या कोपऱ्यात बसलेल्या, ओठ निळे.

"तेव्हापासून तुम्ही काय बघितलं ते मला सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तू नाही बघितलंस, तर कशाला सांगायचं?"

"मला वाटलं ह्यांना समुद्राचं वेड लागलंय, ह्यांचं ह्यांना लखलाभ."

"मला कुठलं वेड? माझे कान दुखतात पाण्यात." काका एवढं बोलून परत गाठीला लागले. "वेड तुला होतं. ती नळी नीट बांधलेली असती तर तू खाली आली असतीस."

मी गप्प बसून ऐकत होते, जे माझ्या स्वभावात नाही. माझ्या डोक्यात सगळे ड्रिल फिरत होते. कुरियरवाला, इस्त्रीवाला, बाबा, मी. अख्ख्या कॉलनीची मान मोजून झाली होती. फक्त काकूंना काकांनी एकदाही समोर बसवलं नव्हतं.

काकूंच्याही मनात तेच आलं असावं. "सगळ्या गावाला विचारलंत. मला का नाही विचारलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग म्हणू द्यायचं होतं."

काका खाली बघत होते. "आणि परत ओढ बसली असती तर? आधी खात्री नको का करायला? म्हणून तर..."

मामाला ह्यातलं सगळं समजलं की नाही माहीत नाही. पण त्याने कमरेचा विळा काढला, काकांच्या मागे जाऊन बसला आणि सुतळी कापली. नळीला धक्का न लावता, अगदी हळू. "साहेब, माझं चुकलं," म्हणाला. "तुमची बांधनी येगळी हाय."

काकू उठल्या. ओढणी काढून लिंबाच्या फांदीवर टाकली, चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तेजू, तो शिशाचा पट्टा सोड. मला बांध."

"काकू, खरंच?"

"आणि तो मास्क दे. थुंकी तुझी लावू नकोस, माझी मी लावते."

काका उभे राहिले. त्यांनी काकूंकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, परत काकूंकडे. "अगं, आज नको. आज गढूळ झालंय. आत्ताच आम्ही..."

"प्रवाळ आहे का इथं, पाणी नितळ असायला?" काकू म्हणाल्या. "मामा, मासे कोणते सोडलेत?"

"रोहू हायती बाई. काई कटला. लई मोठे न्हाईत आजून."

"चालतील."

त्या दोराला धरून, टायरवर बसत बसत, सलवार-कमीजमध्ये उतरल्या. पाणी कमरेला लागलं तेव्हा थांबल्या. त्यांचा श्वास जोरात चाललेला मला काठावरून ऐकू येत होता. मामाने मला विचारलं, "बाईंना पवता येतं का?" मी म्हटलं, "नाही." मामा कपड्यांसकट पाण्यात उतरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. कागदाचं नावसुद्धा काढलं नाही.

काकांनी मागोमाग उतरून स्वतःच्या अंगावर नळी बसवली. काखेखालून, पट्ट्यात, छातीवरून, मानेमागून. ट्यूबच्या कापात ढिला भाग खोचला, ओढून बघितला, परत खोचला. दोनदा चुकलं. काकू नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग काका त्यांच्या समोर आले. ह्या वेळी कुणी गळ्यावरून हात फिरवला नाही. काकांनी तोंडातलं यंत्र काढलं, झटकलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

काकूंनी ते दातांत पकडलं. एक श्वास घेतला, पाण्याच्या वरच. दुसरा घेतला. काकांनी गळ्यातलं आखूड यंत्र तोंडात घातलं. काकूंनी डोळे मिटले, परत उघडले, आणि काकांचा हात घट्ट धरून खाली बसल्या.

मी चष्मा हातात धरून उभी. पाण्यावर नुसते बुडबुडे, दोन ठिकाणी, अगदी जवळजवळ. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता उठतील, आता उठतील. मामा एकटक बघत होता. बराच वेळ बुडबुडे तिथल्या तिथेच होते.

मग त्यातले एका ठिकाणचे पुढे निघाले. हळूहळू, पलीकडच्या कोपऱ्याकडे, जिथे मामा माशांना खाद्य टाकतो. मध्येच थांबले, डावीकडे वळले, परत पुढे गेले.

"हात सोडला का काय बाईंनी?" मामा पुटपुटला.

"सोडला वाटतं."

दुसरे बुडबुडे मागे होते. पुढचे थांबले की तेही थांबायचे, पुढचे वळले की जरा वेळाने तेही वळायचे. मध्ये हिरव्या पाण्याखाली काळी नळी दिसत होती. सैल, बाक आलेली, कुठेच ताणलेली नाही.